युद्ध संपल्यानंतरचा राजधर्म

(अभ्यासपाठ)

१. विषयप्रवेश

चातुर्मासात मंदिरातून महाभारताचे पुराण चालते, तेव्हा भीष्मपर्वापासून शल्यपर्वापर्यंत सभामंडप भरलेला असतो. आणि शांतिपर्व लागले की श्रोते हळूहळू ओसरू लागतात. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. रणातील पराक्रम ऐकण्यास गोड लागतो. रण संपल्यावरचा हिशेब ऐकण्यास धीर लागतो. परंतु व्यासांनी आपल्या ग्रंथाचे सर्वांत मोठे पर्व युद्धासाठी नव्हे, तर युद्धानंतरच्या राजधर्मासाठी खर्ची घातले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. युद्ध जिंकणे अथवा हरणे हे काही दिवसांचे काम असते. त्यानंतर राष्ट्र पुन्हा उभे करणे आणि जे घडले त्याची जबाबदारी स्वीकारणे हे पिढ्यांचे काम असते.

प्रस्तुत पाठात आम्ही हा प्रश्न एका अर्वाचीन उदाहरणाच्या आधारे मांडणार आहो. ते उदाहरण आहे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचे. हा देश दूरचा असला, तरी ते युद्ध आपणांस परके नव्हते. बेळगाव हे ज्यांचे माहेरघर, त्या मराठा पलटणींचे जवान इटलीच्या डोंगरांत जर्मन सैन्याशी लढले. नाईक यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी अतुल शौर्य गाजविले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या युद्धात आपल्या घरची माणसे पडली, त्याचा नैतिक हिशेब पुढे कसा झाला, हे जाणून घेण्याचा आपणांसही अधिकार आहे.

२. धर्मराजापुढील दोन मोह

प्रथम शांतिपर्वाचा आरंभ आठवावा. युद्ध संपले आहे. गंगेच्या तीरावर मृतांस तिलांजली देताना कुंती सांगते की, कर्ण हा तुमचा ज्येष्ठ बंधू. युधिष्ठिराच्या विजयाची चव त्या क्षणी नाहीशी होते. तो महिनाभर नदीकाठी राहतो आणि म्हणतो की, हे राज्य मला नको, मी वनात जातो. अर्जुन, भीम, नकुल, सहदेव आणि द्रौपदी, सर्वजण त्याच्याशी वाद घालतात. शेवटी व्यास आणि श्रीकृष्ण यांच्या उपदेशाने तो हस्तिनापुरात प्रवेश करतो.

येथे दोन मोह दिसतात. पहिला मोह पलायनाचा. माझ्या हातून अनर्थ झाला, म्हणून मी सर्व सोडून जातो, हे वाक्य वैराग्याचे वाटते. परंतु मागे राहिलेल्या विधवांचे आणि अनाथांचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. दुसरा मोह विस्मरणाचा. झाले ते झाले, आता सिंहासनावर बसावे आणि सुखाने राज्य करावे, हा तो मोह. महाभारत धर्मराजास या दोहोंपैकी एकाही वाटेने जाऊ देत नाही. अभिषेक होताच तो काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. ज्या राजांच्या मागे श्राद्ध करणारेही कोणी उरले नव्हते, त्यांची उत्तरक्रिया तो स्वतः करवितो. मृत आप्तांच्या नावे धर्मशाळा, पाणपोया आणि तलाव बांधवितो. ज्यांचे पती व पुत्र मारले गेले, त्या कौरवस्त्रियांचा सांभाळ करतो. शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राचा मान पूर्ववत् ठेवतो. हे सर्व झाल्यानंतरच तो शरशय्येवरील भीष्मांकडे राजधर्म ऐकण्यास जातो. आधी ऋणफेड, मग उपदेश, असा हा क्रम आहे.

उपमेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. युधिष्ठिर विजयी होता, आणि त्याचे युद्ध त्याच्यावर लादले गेले होते. जर्मनी पराभूत होती. आणि तिच्या राज्यकर्त्यांनी युद्ध तर सुरू केलेच, शिवाय सुमारे साठ लाख ज्यू स्त्रीपुरुषांचा व मुलांचा योजनापूर्वक संहार केला. दोन्ही प्रसंग समान नाहीत. समान आहे तो प्रश्न : जो माणूस युद्धानंतर अधिकारपदी बसतो, त्याने स्वतः न केलेल्या गोष्टींचीही जबाबदारी घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणत्या रीतीने?

३. दोषाचे चार प्रकार

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट विवेचन कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने केले. त्यांची पत्नी ज्यू होती, म्हणून १९३७ साली हायडेलबर्ग विद्यापीठातील त्यांची प्राध्यापकी काढून घेण्यात आली होती. युद्ध संपताच, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, त्यांनी त्याच विद्यापीठात जर्मनांच्या दोषाविषयी व्याख्याने दिली. १९४६ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या वेळी न्युरेंबर्ग येथे विजेत्या राष्ट्रांचे न्यायालय चालू होते. त्या न्यायालयाने १९४६ च्या ऑक्टोबरात बावीस प्रमुख आरोपींचा निकाल दिला; त्यांपैकी बारा जणांस देहान्ताची, सात जणांस कारावासाची शिक्षा झाली आणि तिघे निर्दोष सुटले. तेवढ्याने राष्ट्राचा हिशेब पुरा होतो काय, असा प्रश्न होता.

यास्पर्स यांनी दोषाचे चार प्रकार केले. पहिला गुन्ह्याचा दोष : ज्याने कायदा मोडून कृत्य केले त्याचा; त्याचा निवाडा न्यायालय करते. दुसरे राजकीय दायित्व : ज्या राज्याचे आपण नागरिक, त्याच्या कृत्यांचे परिणाम आपणा सर्वांस भोगावे लागतात, मग आपण त्यास विरोध केलेला असो वा नसो. तिसरा नैतिक दोष : मी गप्प का बसलो, मान का डोलावली, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या अंतःकरणास विचारावयाचा. चौथा दोष त्याहूनही खोल : शेजाऱ्यास ओढून नेले आणि मी जिवंत राहिलो, ही जी मनुष्यत्वाच्या नात्याची बोच, तिचा साक्षी केवळ परमेश्वर.

या विभागणीचे मोल असे की, तिने दोन टोके टाळली. सर्व जर्मन गुन्हेगार आहेत, असे म्हटले की खरा गुन्हेगार गर्दीत लपतो. केवळ चार-दोन पुढारीच गुन्हेगार होते, असे म्हटले की उरलेले सर्व हात झटकून मोकळे होतात. नेत्याच्या दृष्टीने यांतील दुसरा प्रकार मुख्य होय. जो राष्ट्राच्या वतीने बोलण्याचा मान घेतो, त्याने राष्ट्राच्या वतीने ऋणही घेतले पाहिजे.

धर्मसंस्थाही या परीक्षेतून सुटल्या नाहीत. तेथील प्रोटेस्टंट धर्ममंडळाच्या नेत्यांनी १९४५ च्या ऑक्टोबरात स्टुटगार्ट येथे आपल्या उणिवांची कबुली दिली. तीवर सही करणाऱ्यांत मार्टिन नीमोलर हे होते, ज्यांनी आठ वर्षे बंदिवासात काढली होती. ज्याने सोसले त्यानेच कबुली द्यावी, यात थोरवी होती. तरीही त्या पत्रकात ज्यूंचा नावाने उल्लेख नव्हता, हे न्यून पुढे अनेकांनी दाखविले. कबुली देतानादेखील जीभ अडखळते, ती अशी.

४. घरातील भार

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. १९४९ च्या मे महिन्यात पश्चिम जर्मनीची राज्यघटना अमलात आली. मनुष्याची प्रतिष्ठा अभंग आहे, हे तत्त्व तिच्या पहिल्याच कलमात घातले गेले आणि देहान्ताची शिक्षाही त्याच घटनेने रद्द केली. शब्द चांगले होते. परंतु शहरे मोडून पडली होती, आणि पूर्वेकडील प्रदेशांतून हाकलून दिलेली सुमारे ऐंशी लाख माणसे १९५० पर्यंत पश्चिम जर्मनीत येऊन दाखल झाली होती. एकाचे घर बॉम्बने जळाले, दुसऱ्याचे शाबूत राहिले. एकाची शेती सीमेपलीकडे गेली, दुसऱ्याची जागेवर राहिली. दैवाने केलेली ही विषम वाटणी तशीच राहू द्यावयाची काय?

१९५२ साली भाराच्या समान वाटणीचा कायदा झाला. ज्यांची मालमत्ता वाचली होती, त्यांच्या २१ जून १९४८ रोजीच्या मालमत्तेच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम सरकारात भरावयाची, आणि ती तीस वर्षांच्या हप्त्यांनी, असे ठरले. सवलती अनेक होत्या, आणि हप्ते लांबल्यामुळे बोजा बराच हलका झाला, हे खरे. परंतु तत्त्व मोठे होते : युद्ध सर्वांच्या नावाने झाले, तेव्हा त्याचे नुकसान केवळ ज्याच्या अंगावर भिंत कोसळली त्याचेच मानता येणार नाही. एकत्र कुटुंबात एका भावाच्या वाट्याची विहीर आटली, तर दुसरे भाऊ पाणी देतात. हाच न्याय राष्ट्राने राष्ट्रापुरता लावला.

५. बाहेरचे ऋण

घरातील भार वाटणे त्यामानाने सोपे, कारण घेणारा आणि देणारा दोघेही मतदार असतात. ज्यांस आपल्या लोकांनी मारले, त्यांचे ऋण मान्य करणे अवघड. चान्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी लोकसभेत, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, असे जाहीर केले की, जर्मन जनतेच्या नावाने अवर्णनीय गुन्हे घडले असून त्यांची नैतिक व आर्थिक भरपाई करणे कर्तव्य आहे. त्यानंतर १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे करार झाला. इस्रायलला तीन अब्ज मार्क, मुख्यतः मालाच्या रूपाने, आणि ज्यू संस्थांच्या मंडळास पंचेचाळीस कोटी मार्क देण्याचे ठरले.

हा करार दोन्हीकडे कडवट ठरला. इस्रायलमध्ये १९५२ च्या जानेवारीत पार्लमेंटासमोर उग्र निदर्शने झाली. मेलेल्यांच्या रक्ताची किंमत पैशात घ्यावी काय, असा तेथे प्रश्न होता. तो तुच्छ मानण्यासारखा नव्हता. जर्मनीत चान्सेलरांच्या स्वतःच्या पक्षातील आणि मित्रपक्षांतील कितीतरी सभासदांनी हात आखडला. १८ मार्च १९५३ रोजी मतदान झाले, तेव्हा बाजूने २३९, विरुद्ध ३५ आणि तटस्थ ८६ अशी मते पडली. ठराव तरला तो विरोधी समाजवादी पक्षाच्या मतांवर. त्या पक्षाचे नेते कुर्ट शूमाखर यांनी नाझी छळछावण्यांत अनेक वर्षे काढली होती आणि ते या भरपाईचा आग्रह आरंभापासून धरीत आले होते. परंतु करारावर सह्या होण्यापूर्वीच, १९५२ च्या ऑगस्टात, त्यांचे निधन झाले. आडेनाउअर आणि शूमाखर यांचे राजकारणात हाडवैर होते. तरीही या एका ठिकाणी विरोधकाचे मत घेण्यात चान्सेलरांनी कमीपणा मानला नाही, आणि ते देण्यात विरोधी पक्षाने पक्षहित पाहिले नाही.

६. चित्राची दुसरी बाजू

एवढ्यावर हा पाठ संपविला तर तो स्तुतिपाठ होईल. आडेनाउअर यांनीच १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षे आपल्या कचेरीच्या मुख्य अधिकारपदी हान्स ग्लोब्के यांस ठेवले. १९३५ च्या ज्यूविरोधी न्युरेंबर्ग कायद्यांवर ज्यांनी भाष्य लिहिले, त्यांपैकी हे एक. १९५१ च्या एका कायद्याने जुन्या राजवटीतील पुष्कळसे अधिकारी पुन्हा नोकरीत येण्यास मोकळीक मिळाली. हिशेब विचारणाऱ्या छळग्रस्तांस कित्येकदा जुनेच न्यायाधीश समोर बसलेले दिसत.

याच्या समर्थनार्थ जे सांगितले जाई, ते पोकळ नव्हते. राज्यकारभारास अनुभवी माणसे लागतात. लाखो लोकांस कायमचे बाहेर ठेवले, तर ते नव्या राज्याचे शत्रू होतात. धृतराष्ट्रास सन्मानाने ठेवणारा युधिष्ठिरही काही अंशी हेच करीत होता, असे कोणी म्हणेल. आमच्या मते येथे एक भेद लक्षात ठेवावा. पराभूतास आश्रय देणे ही क्षमा होय. अपराध्यास पुन्हा अधिकार देणे ही सोय होय. धृतराष्ट्रास मान मिळाला, पण ज्या द्यूतसभेने अनर्थ घडविला, तिच्या सूत्रधारांच्या हाती कारभार पुन्हा गेला नाही. क्षमा आणि सोय यांची गल्लत झाली की, तिची किंमत दुर्बलांस मोजावी लागते.

ती चूक सुधारण्यास पुढे एकेका माणसाचा हट्ट कारणी लागला. हेसे प्रांताचे सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर हे स्वतः ज्यू कुळातील, १९३३ साली तुरुंगात गेलेले आणि नंतर परदेशी परागंदा झालेले. त्यांच्या प्रयत्नाने १९६३ ते १९६५ या काळात फ्रांकफुर्ट येथे आउश्विट्झ छावणीच्या कर्मचाऱ्यांवर खटला चालला आणि तेथील हत्यांचे तपशील जर्मन न्यायालयात, जर्मन भाषेत, साक्षीदारांच्या तोंडून नव्या पिढीने ऐकले. खुनाच्या गुन्ह्यास मुदतीची मर्यादा असू नये, असा निर्णय बुंडेस्टागने १९७९ साली घेतला. रोमा आणि सिंटी या भटक्या समाजांच्या संहाराची अधिकृत कबुली मात्र १९८२ पर्यंत मिळाली नाही. सक्तीने राबविलेल्या मजुरांसाठी दहा अब्ज मार्कांचा निधी २००० साली उभारला गेला. तोवर त्यांतील बहुतेक मजूर हयात नव्हते.

पूर्व जर्मनीचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोधप्रद आहे. तेथील कम्युनिस्ट राज्यकर्ते म्हणत की, आम्ही नाझींचे विरोधक होतो, तेव्हा त्यांच्या पापाशी आमचा संबंध नाही. त्यांतील अनेकांनी खरोखरच तुरुंगवास भोगला होता. म्हणून वैयक्तिक दृष्ट्या ते खोटे नव्हते. परंतु राज्याचा वारसा घेऊन त्याचे ऋण नाकारणे हे व्यवहारातही चालत नाही; बापाचे शेत घेणाऱ्यास बापाचे कर्ज फेडावे लागते. पूर्व जर्मनीच्या पहिल्या मुक्त निवडणुकीने आलेल्या विधिमंडळाने १२ एप्रिल १९९० रोजी ही जबाबदारी स्वीकारली. त्यास चार दशके लागली.

७. ज्याचा दोष नव्हता, त्याने गुडघे टेकले

विली ब्रांट १९३३ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, नाझींपासून जीव वाचवून नॉर्वेत गेले. त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. युद्धानंतर ते परतले, आणि निवडणुकांत त्यांच्या विरोधकांनी या परागंदा जीवनाचेच त्यांच्याविरुद्ध भांडवल केले. १९६९ साली ते चान्सेलर झाले. ७ डिसेंबर १९७० रोजी ते पोलंडशी करार करण्यासाठी वॉर्सात गेले असता, ज्यूंच्या वस्तीतील उठावाच्या स्मारकापुढे त्यांनी पुष्पचक्र वाहिले आणि अकस्मात् गुडघे टेकून ते स्तब्ध राहिले. एक शब्दही ते बोलले नाहीत.

त्या वेळी एका जर्मन साप्ताहिकाने घेतलेल्या पाहणीत ४८ टक्के लोकांनी हे अतिरेकी ठरविले, ४१ टक्क्यांनी योग्य मानले. म्हणजे लोकमताच्या पाठिंब्यावर केलेले हे कृत्य नव्हते. यास्पर्स यांच्या भाषेत सांगावयाचे, तर ब्रांट यांच्यावर गुन्ह्याचा दोष नव्हता, नैतिक दोषही नव्हता. होते ते केवळ राजकीय दायित्व. ते त्यांनी गुडघ्यांवर पेलले. १९७१ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७४ च्या मे महिन्यात त्यांच्या कचेरीतील एक सहायक पूर्व जर्मनीचा हेर निघाला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

येथे आपल्याकडील एक स्मरण होते. कलिंगच्या युद्धाविषयी सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात पश्चात्ताप कोरून ठेवला : एक लक्ष मारले गेले, दीड लक्ष पकडून नेले गेले. जेत्या राजाने असा लेख लिहावा, हे जगाच्या इतिहासात दुर्मिळ. परंतु खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेला नाही; त्याच्या जागी अधिकाऱ्यांस न्यायाने व प्रेमाने वागण्याची आज्ञा देणारे दुसरे लेख आहेत. कारण काहीही असो, पश्चात्ताप दूरच्या प्रांतांत वाचावयास मिळाला आणि ज्यांस घाव लागले त्यांच्या भूमीवर मिळाला नाही. ब्रांट यांचे वैशिष्ट्य हे की, ते घाव लागला त्या जागी गेले.

पुढे ८ मे १९८५ रोजी राष्ट्राध्यक्ष रिखार्ड फॉन वाइत्सेकर यांनी बुंडेस्टागमध्ये सांगितले की, पराभवाचा हा दिवस जर्मनांच्याही मुक्ततेचा दिवस आहे, आणि त्या दिवशीच्या हालअपेष्टांचे मूळ १९४५ मध्ये नव्हे, तर हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ मध्ये शोधावे. वाइत्सेकर स्वतः त्या युद्धात सैनिक होते. त्यांचे वडील नाझी काळात परराष्ट्र खात्याचे वरिष्ठ सचिव होते, १९४९ साली त्यांस शिक्षा झाली, आणि तरुण रिखार्ड त्यांच्या बचावाच्या कामी साहाय्य करीत होते. पुत्राचे कर्तव्य आणि राष्ट्राध्यक्षाचे कर्तव्य एकाच माणसाने, वेगवेगळ्या वयात, असे बजावले.

८. आपण काय घ्यावे

या सर्वांतून आम्हांस तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. एक, जबाबदारी आणि अपराध या भिन्न गोष्टी आहेत. निरपराध माणूसही जबाबदार असू शकतो, किंबहुना नेतृत्व म्हणतात ते यासच. दोन, कबुलीस हिशेबाची जोड हवी. तलाव, पाणपोया, हप्ते, भरपाई यांवाचून अश्रू कोरडेच राहतात, आणि अश्रूंवाचून नुसते पैसे अपमानकारक होतात. तीन, हे काम एका नेत्याच्या हयातीत पुरे होत नाही. प्रत्येक पिढीने मागील पिढीचे राहिलेले नाव यादीत घालावयाचे असते.

भीष्मांनी युधिष्ठिरास सांगितले की, काळ राजाला घडवितो की राजा काळाला, याविषयी संशय धरू नये. निर्णय राजाच्या बाजूचा आहे. लोकशाहीत राजा म्हणजे मत देणारा प्रत्येक मनुष्य. तेव्हा हे पर्व ऐकताना सभामंडपातून लवकर उठण्याची सवलत आपणांस नाही.

मननासाठी प्रश्न

१. युधिष्ठिराचे वनात जाणे आणि राज्यावर राहणे, यांत अधिक कठीण काय, आणि का?
२. अपराध्यास क्षमा करणे व त्यास पुन्हा अधिकार देणे, यांत आपल्या गावच्या, संस्थेच्या वा घरच्या व्यवहारात आपण भेद करतो काय?
३. लोकमत विरुद्ध असताना नेत्याने योग्य कृत्य करावे, तर लोकशाहीचा मान कसा राहतो?
४. आपल्या वाडवडिलांकडून आपणांस जे मिळाले, त्याबरोबर कोणते न फेडलेले ऋण आले आहे?